वर्गातली शांतता आणि मुलांचे मौन

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात साखरा हे गाव आहे. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा अवघ्या पाच तालुक्यांचा. सोयाबीन, तूर, हळद ही इथली पिके. आणि ज्यांच्या वाट्याला पुरेशी जमीन आली नाही, त्यांच्यापुढे दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाण्याची वाट. जैन यात्रेकरूंना हा जिल्हा शिरड शहापूरच्या मल्लिनाथ क्षेत्रामुळे परिचित आहे, वारकऱ्यांना नर्सीमुळे आणि शिवभक्तांना औंढा नागनाथामुळे. येथल्या गावोगावच्या शाळांकडे मात्र बाहेरच्या माणसाची दृष्टी सहसा वळत नाही. वास्तविक शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत ज्या प्रश्नांवर अध्याय लिहिले जातात, ते सारे प्रश्न या भागातील शाळेच्या एका खोलीत, एकाच वेळी, जमिनीवर मांडी घालून बसलेले आढळतात.

शिक्षणाच्या हक्काचा कायदा सांगतो की, पहिली ते पाचवीचा पट साठपर्यंत असेल, तर दोन शिक्षक असावेत. वर्ग पाच आणि शिक्षक दोन, हे गणित ज्याला सोडवावे लागते, त्याला वर्गव्यवस्थापन हा शब्द नव्याने शिकवावा लागत नाही. दुसरीला वाचायला बसवावे, तर तिसरीची वजाबाकी अडते. तिसरीकडे वळावे, तर पहिलीतली दोन मुले पाटीवरून भांडू लागतात. अशा वेळी कोणत्याही शिक्षकाच्या तोंडून प्रथम जे निघते, ते ‘गप्प बसा’ हेच. त्या आज्ञेने वर्ग शांतही होतो. प्रश्न त्यानंतरचा आहे. ही शांतता कोणाच्या उपयोगाची? मुलगा विचारात गढला म्हणून शांत झाला, की शिक्षकाचा चेहरा पाहून मुका झाला? बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. व्हरांड्यातून जाणाऱ्या अधिकाऱ्याला तर ते अगदी सारखे दिसते.

पूर्वीच्या पंतोजींना हा प्रश्न पडत नसे, कारण त्यांच्या हाती छडी होती. धूळपाटीवर अक्षर गिरवणारा मुलगा आणि त्याच्या पाठीशी उभी असलेली छडी, हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या इतके पक्के झाले की, छडीवाचून विद्या नाही, असे पालकही मानू लागले. मात्र त्याच जुन्या शाळांत एक शहाणपणाची रीतही होती. थोडा पुढे गेलेला मुलगा मागच्याला शिकवी. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने वाळूत अक्षरे गिरवणारी देशी शाळेतील मुले पाहिली, ती पद्धत आपल्या अनाथाश्रमात वापरली आणि पुढे इंग्लंडात नेली. तेथे ती ‘मद्रास पद्धती’ या नावाने नावारूपाला आली. आपण मात्र छडी जपली आणि ही रीत विसरलो, असे म्हणावेसे वाटते.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या त्याच हक्काच्या कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे, या दोहोंना मनाई केली. यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. मारणे दिसते, म्हणून ते थांबवता येते. ‘तुझ्या डोक्यात काही शिरणार नाही’ हे वाक्य दिसत नाही. अहिंसेचा विचार करणाऱ्या समाजाला हे समजावून सांगावे लागू नये. मन, वचन आणि काया या तिन्हींनी हिंसा घडते, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही पाठ असते. तरीही वर्गात, पाठशाळेत आणि कधी घरच्या अभ्यासाच्या वेळीही वचनाची हिंसा किती सहज घडते, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. कायद्याने छडी काढून घेतली. तिच्या जागी काय ठेवायचे, हे मात्र तो सांगू शकत नव्हता. ते शोधण्याचे काम शिक्षकावर येऊन पडले, आणि पुष्कळांना वाटले की, आता हात बांधले गेले.

हा शोध काही आजचा नाही. गिजुभाई बधेका यांचा जन्म १८८५ सालचा, सौराष्ट्रातला. व्यवसायाने ते वकील होते. मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे छोटे गुजराती पुस्तक मराठीसह अनेक भाषांत गेले. लक्ष्मीराम नावाचा एक शिक्षक चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो आणि नव्या पद्धतीने शिकवून पाहतो, अशी ती कल्पित कथा. कथा कल्पित असली, तरी तिच्यातला पहिला दिवस कोणत्याही शिक्षकाला ओळखीचा वाटेल. लक्ष्मीराम घरून सारी तयारी करून येतो. त्याने शांततेचा खेळ योजलेला असतो. मुले डोळे मिटून निश्चल बसतील, बाहेरचे बारीक आवाज ऐकतील, मग आपण त्यांच्याशी बोलू, असा त्याचा बेत. प्रत्यक्षात मुले मांजराचे आवाज काढतात, टाळ्या पिटतात, एकमेकांना ढकलतात, आणि घरी सुंदर दिसलेली योजना काही क्षणांत कोसळते. तो मुलांना सुट्टी देऊन टाकतो. मुख्याध्यापक रागावतात.

दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो. राजा, राण्या, राजपुत्र अशी लांबत जाणारी गोष्ट. मुले आपोआप जवळ सरकतात. गोष्ट ऐन रंगात आलेली असताना तो थांबतो आणि हजेरी घेऊ का, असे विचारतो. हजेरी घेतली जाते, मुले निमूट ‘हजर’ म्हणतात, आणि गोष्ट पुढे चालू होते. शाळा सुटली तरी मुले उठायला तयार नसतात.

या दोन दिवसांतला फरक नीट पाहण्यासारखा आहे. शांततेचा खेळ ही वाईट कल्पना नव्हती; माँटेसोरी पद्धतीत तो प्रत्यक्ष खेळला जातो. पण तो मुलांना ओळख होण्याआधीच त्यांच्यावर घातला गेला. ज्या मुलांनी आजवर केवळ धाकाने लादलेली शांतता अनुभवली, त्यांना स्वेच्छेची शांतता एका सकाळीत येणार नाही. गोष्टीने मात्र मुलांना थांबण्याचे कारण दिले. नवी पद्धत पहिल्याच दिवशी फसली, तेव्हा लक्ष्मीरामने मुलांना दोष दिला नाही आणि पद्धतही टाकून दिली नाही. त्याने क्रम बदलला. प्रशिक्षणाहून नवे काही शिकून आलेले आजचे शिक्षक नेमके येथेच अडखळतात. दोन दिवस गट पाडून बसवतात, गोंगाट होतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा रांगा लागतात, आणि ‘आमच्या मुलांना हे जमत नाही’ असा निष्कर्ष शिक्षक परिषदेत सांगितला जातो.

गिजुभाईंच्या सहवासात एक मराठी बाई घडल्या. ताराबाई मोडक. १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई राजकोटच्या बार्टन अध्यापिका महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. ते पद सोडून त्या भावनगरला गेल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत सहभागी झाल्या, आणि पुढे मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार उभा केला. शहरी मुलांसाठी माँटेसोरी पद्धती मराठीत आणण्याचे काम इथवर उत्तम चालले होते. खरी कसोटी लागली ती १९४५ साली, जेव्हा त्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथे गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्यानंतर शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झालेल्या. बोर्डीला येताना त्यांचे वय पस्तीस होते आणि शहरातली स्थिर नोकरी त्यांनी मागे सोडली होती.

बोर्डीत बालवाडी तर उघडली. पण ज्यांच्यासाठी उघडली, त्या वस्त्यांतील मुले येईनात. हे अपयश साधे नव्हते. साहित्य होते, प्रशिक्षित शिक्षिका होत्या, प्रेम होते, मुलेच नव्हती. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, कोणाच्या अंगावर कपडा नाही, कोणाच्या आईला शाळा म्हणजे काय हेच ठाऊक नाही. दोन वाटा होत्या. पालक अज्ञानी आहेत, असा शेरा मारून नोंदवही मिटता आली असती. ताराबाईंनी दुसरी वाट घेतली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात जाईल. एक मध्यवर्ती बालवाडी आणि तिच्या जोडीला वस्तीतल्या अंगणात भरणाऱ्या बालवाड्या, अशी रचना झाली. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन वस्तीत जायच्या, अंगण झाडायच्या, मुलांना गोळा करायच्या, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. आज देशभर रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द याच प्रयोगातून आला, असे मानले जाते. १९७५ मध्ये २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना तेच नाव मिळाले.

माँटेसोरीचे मूळ साहित्य महागडे. रंगीत लाकडी ठोकळे, दट्ट्यांच्या पेट्या हे खेड्यात कोठून आणायचे? बोर्डीला समुद्र होता, म्हणून शिंपले आले. झाडे होती, म्हणून पाने आणि बिया आल्या. खडे तर सगळीकडेच. लहानमोठे लावणे, रंगांप्रमाणे वेगळे करणे, मोजणे ही सारी कामे शिंपल्यांनी होतात. येथे एक बारकावा आहे. स्वस्त साहित्य वापरणे ही केवळ काटकसर नव्हती. जी वस्तू मुलाने स्वतः वेचून आणली, तिची त्याला भीती वाटत नाही. काचेच्या कपाटातल्या वस्तूची वाटते.

१९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारली आदिवासींचे पाडे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असलेली ‘विकासवाडी’ तेथे उभी राहिली. त्यामुळे धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहणारी बहीण त्याला पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसू शकली. वर्गातल्या गैरहजेरीचा उपाय वर्गाबाहेरच्या पाळण्यात होता, हे ज्याच्या ध्यानात येते, त्याला वर्गव्यवस्थापन कळले असे समजावे. तरीही मोठी मुले गुरे राखायला जात. मग कुरणशाळा निघाली. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, शिक्षक तेथेच शिकवत आहे. फळा नाही, घंटा नाही. एखादी गाय शेतात शिरली की, एक विद्यार्थी उठून जाणार, हे गृहीत धरलेले. त्या वर्गाला शिस्त नव्हती, असे कोण म्हणेल? तिचे घड्याळ तेवढे वेगळे होते.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत कोसबाडचे काम पाहत होत्या. त्यांनी आपले अनुभव पुस्तकांतून लिहून ठेवले, आणि त्यांत शिकवण्याच्या यशाइतकीच अडचणींची नोंद आहे. एकीला १९६२ मध्ये पद्मभूषण, दुसरीला १९८५ मध्ये पद्मश्री हे सन्मान मिळाले. ते योग्यच झाले. पण शिक्षकाच्या उपयोगाचे आहे ते बोर्डीतले ते पहिले रिकामे अंगण.

कारण कोसबाडची अडचण साखऱ्याच्या परिसरात आजही निराळ्या वेषात उभी आहे. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर मुले पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शासनाने हंगामी वसतिगृहांची सोय केली, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आणले. कागदाने मुलाचे नाव पटावर राहते. पण चार महिन्यांनी परत आलेला मुलगा वर्गात बसतो, तेव्हा त्याचे मित्र गुणाकाराशी पोहोचलेले असतात आणि तो हातच्याच्या बेरजेवर अडकलेला असतो. त्याला पुस्तकाचे चालू पान उघडायला सांगणे म्हणजे त्याला रोज थोडे थोडे शाळेबाहेर ढकलणे आहे.

या जागी मुंबईतल्या एका प्रयोगाची आठवण ठेवावी. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९५ मध्ये ‘प्रथम’ ही संस्था सुरू केली. तिच्या ‘बालसखी’ उपक्रमात तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना दिवसातून सुमारे दोन तास वर्गाबाहेर काढून वस्तीतलीच एक तरुणी शिकवत असे. चालू धडा सोडून ज्या पायरीवर मूल अडले आहे, तेथून ती सुरुवात करी. मुंबई आणि वडोदरा येथे अर्थतज्ज्ञांनी याची शास्त्रशुद्ध तपासणी केली. त्यांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो पुढे २०१९ च्या नोबेलचे मानकरी झाले. मागे पडलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट दुसरी होती. ही मुले बाहेर गेल्याने मूळ वर्ग लहान झाला होता, तरी तेथे उरलेल्या मुलांच्या गुणांत वाढ झाली नाही. म्हणजे गर्दी कमी झाली, एवढ्याने शिकणे सुधारत नाही. शिकवण्याची रीत बदलावी लागते. पटसंख्या जास्त आहे, या एका कारणावर सारा भार टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

वर्ग इयत्तेप्रमाणे न बसवता दिवसातला एखादा तास पायरीप्रमाणे बसवला, तर दोनशिक्षकी शाळेतली एक अडचणही सुटते. तिसरी-चौथीची मुले अक्षर ओळखणारे, शब्द वाचणारे, परिच्छेद वाचणारे अशा गटांत विभागली जातात आणि परिच्छेद वाचणारा मुलगा शब्दांच्या गटाला मदत करतो. बेलला मद्रासेत सापडलेली रीत ती हीच. एक धोका मात्र आहे. गटांना ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ अशी नावे पडली की, सगळे बिघडते. शिक्षक ती नावे देत नाही. मुलेच देतात, आणि मुले ती शिक्षकाच्या नजरेतून वाचतात. म्हणून गट दर काही आठवड्यांनी मोडावेत, आणि वाचनातला शेवटचा मुलगा कशात पहिला आहे, हे शोधून त्या दिवशी त्याला पुढे आणावे. ऊस तोडायला गेलेल्या मुलाला मोळ्यांचा हिशेब तोंडी येतो. तो हिशेब फळ्यावर मांडण्याची संधी त्याला कितीदा मिळते?

भाषेचेही तसेच. या जिल्ह्यात बंजारा तांडे पुष्कळ आहेत आणि तांड्यावरच्या मुलाच्या कानावर पाच-सहा वर्षे गोरमाटी पडलेली असते. त्याच्यासाठी आई ‘याडी’ असते. पहिल्याच दिवशी पुस्तकातली आई त्याला शिकवताना त्याची याडी चुकीची ठरवली गेली, तर तो गप्प बसतो, आणि ते मौन शिक्षकाला शिस्त वाटते. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहिण्यास खडूचा एक तुकडा पुरतो.

आणखी एक उपाय इतका लहान आहे की, तो उपाय वाटत नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या प्रश्नोत्तरांचे ध्वनिमुद्रण तपासले. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असे त्यांना आढळले. शिवाय ज्यांना शिक्षक मंद समजतात, त्यांच्यासाठी ते आणखी कमी थांबतात. हा विराम तीन सेकंदांपर्यंत नेला, तेव्हा उत्तरे लांबली, न विचारता बोलणारी मुले वाढली, आणि मागच्या बाकांवरूनही उत्तरे येऊ लागली. तीन सेकंद मनात मोजून पाहावेत. शिक्षकाला ते फार लांब वाटतात, कारण त्या तीन सेकंदांत वर्ग त्याच्या हातात नसतो.

नियमांचा प्रश्न उरतोच. भिंतीवर रंगवलेले नियम मुले वाचतही नाहीत; त्यांनी स्वतः ठरवलेले तीन-चार नियम मात्र ती एकमेकांना ऐकवतात. पाण्याच्या टाकीजवळची रांग, खडूपेटी कोणाकडे, पोषण आहाराची ताटे कोणी मांडायची, अशी कामे पाळीने वाटून दिली की, निम्मा गोंधळ विरतो, कारण गोंधळ पुष्कळदा रिकाम्या हातांचा असतो. हे तत्त्व जैन समाजाला आपल्याच एका पूर्वजाकडून ठाऊक असायला हवे. कुंभोजच्या जैन घरात १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील. कोल्हापूरच्या विद्यार्थिदशेत वसतिगृहाच्या नियमाशी त्यांचा खटका उडाला आणि त्यांना ते सोडावे लागले, हे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले, आणि तेथे सर्व जातींच्या मुलांना एका चुलीवरचे जेवण, एका पंक्तीला बसवून दिले. स्वयंपाक, सफाई, शेतीचे काम मुलेच करीत. नियमाने दुखावलेल्या मुलाने नियम न टाकता त्याचा मालक बदलला, असे त्या वसतिगृहाकडे पाहून म्हणता येते.

शिक्षकाने हे सारे करून पाहायचे, तर करून झाल्यावर पाहणेही आलेच. शाळेत टाचण वही असते. तिच्यात काय शिकवायचे ते आधी लिहिले जाते आणि तपासणीसाठी ती नीटनेटकी ठेवली जाते. काय घडले, यासाठी तिच्यात सहसा जागा नसते. ज्याला खरोखर शोध घ्यायचा आहे, त्याने दुसरी एक साधी वही ठेवावी, जी कोणीही तपासणार नाही. आज आवाज केव्हा चढला? त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय चालले होते? कोणते मूल दिवसभरात एकदाही बोलले नाही? हे तीन प्रश्न पुरेत. आठवडाभराच्या नोंदी समोर ठेवल्या की, बहुधा एक आकृती दिसू लागते. आवाज रोज जेवणाच्या सुट्टीनंतरच चढतो, किंवा न बोललेल्या मुलांची नावे तीच ती असतात. मग दोष कोणा एका खोडकर मुलाकडून वेळापत्रकाकडे, बसण्याच्या जागेकडे, कधी स्वतःच्या थकव्याकडे सरकतो.

जैन वाचकाला येथे प्रतिक्रमण आठवेल. दिवसाच्या अखेरीस मागे वळून स्वतःच्या वर्तनाकडे पाहणे ही आपल्याकडची रोजची साधना आहे. साम्य फार ताणू नये, हे खरे. प्रतिक्रमण आत्मशुद्धीसाठी आहे, अध्यापनकौशल्यासाठी नव्हे. पण ज्या घरात आजी रोज संध्याकाळी हे करताना दिसते, त्या घरातून आलेल्या शिक्षिकेला मागे वळून पाहण्याची लाज वाटण्याचे कारण नाही. आणि मुलाची क्षमा मागण्याचीही. पर्युषणाच्या अखेरीस आपण लहानथोर सर्वांची क्षमा मागतो. वर्गात चूक नसताना ओरडा खाल्लेल्या मुलाला ती दुसऱ्या दिवशीच मिळाली, तर वर्ग सैल पडत नाही. मुले अशा शिक्षकाचे अधिक ऐकतात, हा पुष्कळ शिक्षकांचा अनुभव आहे.

औंढ्याची ती कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेव गुरूच्या शोधात नागनाथाच्या देवळात आले, तो विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव जेथे पाय ठेवू लागले, तेथे पिंडी दिसू लागली. भक्त या कथेत चमत्कार पाहतात. शिक्षकाने तिच्यात पाठ पाहावा. विसोबांनी उपदेश केला नाही, शिष्याच्या रागाला दडपले नाही. त्याच्या हाती एक काम दिले आणि उत्तर त्याच्या हातून निघू दिले. साखऱ्याच्या मुलांनी ही कथा कीर्तनात अनेकदा ऐकलेली असणार.

आपल्या परंपरेत तर अध्ययनाच्या पायऱ्याच सांगितल्या आहेत. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार येतात: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. श्वेतांबर परंपरेत आम्नायाच्या जागी परिवर्तना आणि उपदेशाच्या जागी धर्मकथा असे शब्द असून क्रम थोडा वेगळा आहे. प्रथम ग्रंथ आणि त्याचा अर्थ समजून घ्यायचा. मग विचारायचे. मग मनात घोळवायचे. पाठांतर म्हणजे आम्नाय. आणि दुसऱ्याला सांगणे सर्वांत शेवटी. विचारणे हे दुसऱ्याच स्थानी आहे, ही गोष्ट थांबून पाहावी अशी आहे. आपल्या मंदिरांत रविवारी भरणाऱ्या पाठशाळांतला क्रम बहुतेक ठिकाणी उलटा असतो. आधी उपदेश, मग पाठांतर, मग बक्षीस. पृच्छनेला वेळच उरत नाही, आणि अनुप्रेक्षा ही मोठ्यांनी करायची गोष्ट समजली जाते. दहाअकरा वर्षांचा मुलगा पाठशाळा सोडतो, तेव्हा आपण मोबाइलला दोष देतो.

काही ठिकाणी पाठशाळेच्या शिक्षिका हा क्रम फिरवून पाहू शकतील. गाथा पाठ घेण्याआधी मुलांना विचारायला सांगावे. पाणी गाळून का प्यायचे, रात्री का जेवायचे नाही, बटाटा खाणारा माझा मित्र वाईट आहे का, असे प्रश्न येतील. शेवटचा प्रश्न अवघड आहे आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नये. अनेकान्ताचे नाव न घेता तो शिकवण्याची ती वेळ आहे. प्रश्न ऐकल्यावर तीन सेकंद थांबावे. कदाचित बोलायला सुरुवात करील ती मागच्या रांगेतली एखादी मुलगी, जिचा आवाज पाठशाळेत अजून कोणी ऐकलेला नाही.